उत्तर: ड्रॅगन बॉलची कार्डं स्विचवर चालतील का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातली निळी फाइल काढून बसले. टोकियोतल्या निशिकासाईहून पुढच्या महिन्यात पुण्याला परतताय, मुलाकडे 'सुपर ड्रॅगन बॉल हीरोज' या तिथल्या गेम सेंटरमधल्या मशीनची (नाणं टाकलं की कार्ड मिळतं, ते फळीवर ठेवून खेळायचं) पावणेदोनशे कार्डं आहेत, पुण्यात ते मशीन नाही म्हणून घरात रोज अश्रुपात चालू आहे, आणि तुम्ही विचारताय की निन्टेन्डो स्विच या घरच्या गेमयंत्रावरचा, याच खेळाचा 'वर्ल्ड मिशन' घेऊन दिला तर ही कार्डं त्यात वापरता येतील का.

नाही येणार. एकही नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं वाचलं नाहीत तरी पैसे वाचतील.

मशीन कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको, शंभर-शंभर येनची नाणी तुमच्याच खिशातून गेली आहेत. मुद्दा इतकाच की कार्ड ओळखायचं काम ते मशीन करतं. कार्डाच्या अंगात काही नाही. तो छापलेला जाड कागद आहे आणि त्यावरची खूण त्या मशीनच्या सपाट फळीलाच वाचता येते. घरच्या स्विचला अशी फळी नाही आणि त्या गेमसोबत वेगळा रीडरही मिळत नाही. 'वर्ल्ड मिशन' एप्रिल २०१९ मध्ये आला. त्यात हजाराहून जास्त कार्डं आहेत, चित्रंही मशीनमधल्यासारखीच, पण ती सगळी खेळाच्या आत, खेळून मिळवलेल्या तिकिटांवर मिळवायची. म्हणजे तुमच्या मुलाकडे हातात यूआर, म्हणजे फार दुर्मिळ, गोकू असला, तरी स्विचवर त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. मुलांना हे फार लागतं. 'माझ्याकडे आहे ना तो!' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

वर एकांनी लिहिलंय की स्विचच्या उजव्या जॉयकॉनमध्ये (हातातल्या कंट्रोलरमध्ये) एनएफसी, म्हणजे टेकवलेल्या वस्तूतली चिप वाचायची सोय असते, कार्ड टेकवून बघा. एनएफसी आहे हे खरं, अमिबो (निन्टेन्डोच्या चिपवाल्या बाहुल्या) त्यानेच वाचले जातात. पण त्यासाठी समोरच्या वस्तूत चिप लागते आणि या कागदी कार्डांत चिप नाही. दुसऱ्या एकांनी त्याच जॉयकॉनच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं सुचवलंय. कॅमेराही आहे, नाही कोण म्हणतंय? पण गेमलाच कार्ड वाचायचं माहीत नसेल तर कॅमेऱ्याने बघून करायचं काय. मशीनवर खेळाची नोंद साठवणारं जे चिपवालं कार्ड मिळायचं, त्याचीही नोंद स्विचवर येत नाही. 'करून बघायला काय जातंय' हा सल्ला ज्यांचं काही जाणार नसतं तेच देतात.

आता माझं. मी गेम खेळणारी बाई नाही, दुकानदार तर नाहीच. जे सांगतेय ते ठेच लागल्यामुळे सांगतेय.

आम्ही २००५ ते २००९ तिकडेच होतो, तुमच्याच भागात. तेव्हा मुलींमध्ये वेड होतं सेगाच्या 'लव्ह अँड बेरी'चं. २००४ मध्ये आलेलं मशीन. शंभर येन टाकले की एक कार्ड बाहेर येई: कुठे फ्रॉक, कुठे बूट, कुठे केशरचना. कार्डाच्या कडेला बारकोड. ते खाचेतून सर्रकन ओढायचं, की पडद्यावरची मुलगी तो कपडा घालून नाचायला तयार. आमच्या सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर अशी दोन मशीनं होती आणि तिथल्या रांगेत मी जेवढी उभी राहिले, तेवढी सिद्धिविनायकाच्याही राहिले नसेन. मार्च २००९ मध्ये परतायचं ठरलं तेव्हा लेक साडेसहा वर्षांची होती आणि फाइलमध्ये एकशे बारा कार्डं होती.

गंमत म्हणजे, या खेळाची घरची आवृत्ती खरंच कार्डं वाचत होती. सेगाने २००६ मध्ये निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी तो काढला तेव्हा सोबत छोटा कार्ड रीडर दिला होता. जुन्या वस्तूंच्या दुकानात तो डबा मला रीडरसकट स्वस्तात मिळाला. लाट ओसरत आली होती ना. आता फक्त डीएस हवा होता.

डीएस लाइट घ्यावा की नुकताच आलेला डीएसआय? लाइट १६,८०० येन, डीएसआय १८,९००. दोन हजारांचाच फरक, शिवाय डीएसआय पातळ, पडदे जरा मोठे, आणि दोन-दोन कॅमेरे! माझ्या डोक्यात आलं, कॅमेरा आहे म्हणजे बारकोड आणखी छान वाचेल. (हसू नका. तुमच्या प्रश्नाखाली काल तिघांनी हेच लिहिलंय.) मोठ्या दुकानात गेले, डबा दाखवला आणि माझ्या तोडक्या जपानीत विचारलं, "कोनो सोफुतो, कोरे दे देकिमास का?" हा गेम यावर चालतो का? त्या मुलाने कमरेत वाकून सांगितलं, "हाय, देकिमास." चालतो.

आणि तो खोटं बोलला नव्हता. पुण्यात येऊन डबा उघडला. गेमची कार्ट्रिज आत बसली, पडद्यावर चित्र आलं, लेक टाळ्या पिटायला लागली. मग रीडर हातात घेतला आणि तो लावायची जागा शोधू लागले. खाली बघितलं, बाजूला बघितलं, उलटा करून बघितला. जागाच नव्हती. रीडर लागायचा तो डीएसच्या खालच्या रुंद खाचेत, जी मुळात गेमबॉय अॅडव्हान्स या डीएसच्या आधीच्या यंत्राच्या जुन्या कार्ट्रिजसाठी होती. डीएसमध्ये ती होती, डीएस लाइटमध्ये होती. डीएसआय पातळ झाला तो नेमकी तीच खाच काढून टाकल्यामुळे. ज्या पातळपणाचं कौतुक करून मी दोन हजार येन जास्त मोजले, त्याच पातळपणाने माझा घात केला. आणि कॅमेरे? त्यांना या कार्डांशी काही देणंघेणं नव्हतं.

'गेम चालतो का' हा प्रश्नच चुकीचा होता. 'हे कार्ड आत कुठून घालू' असं विचारलं असतं, तर त्या मुलाने तिथेच हात जोडले असते. तुम्हीही कुठल्या दुकानात विचारणार असाल तर कार्ड हातात धरून विचारा आणि जागा बोटाने दाखवायला सांगा. तोंडी 'हो' घेऊ नका.

पुढचं रामायण वेगळंच. आमच्या तिथल्या शेजारणीने बिचारीने वापरलेला डीएस लाइट घेऊन टपालाने पाठवला. तो आपल्या देशात सुखरूप पोचला आणि एका कार्यालयात अडकला. कार्यालयाचं नाव घेत नाही, ज्यांनी तिथे खेटे घातलेत त्यांना कळेल. पहिल्या खेपेला विचारलं, बिल कुठाय? बिल जपानीत होतं, तर म्हणाले इंग्रजीत आणा. दुसऱ्या खेपेला मी स्वतः भाषांतर करून नेलं, तर वस्तू जुनी आहे याचा पुरावा काय? अहो, झाकणावर ओरखडे आहेत, उघडून बघा ना! नाही, उघडायचा अधिकार त्या टेबलाला नाही, आणि ज्या टेबलाला आहे ते जेवायला गेलंय. तिसऱ्या खेपेला वाद निघाला की हे खेळणं आहे की विद्युत उपकरण. मी म्हटलं, तुम्हाला हवं ते लिहा आणि एकदाचं द्या. शुल्क भरलं, रिक्षाचे पैसे मोजले, तेवढ्या पैशांत तिकडे आणखी एक जुना डीएस सहज आला असता. सगळ्यांनाच असा अनुभव येतो असं नाही, आमच्या भावाचं पार्सल चार दिवसांत घरी आलं होतं. पण माझं ऐकाल तर जे काही घ्यायचं ते सोबतच्या सामानात, बिलासकट आणा. 'नंतर कोणीतरी पाठवेल' यावर विसंबू नका.

या भानगडीत जून उजाडला. पुण्याच्या दमट हवेत कार्डं पापडासारखी वाकायला लागली, म्हणून मी शहाणपणा करून लेकीची सगळ्यात आवडती अठरा कार्डं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणली. डीएस लाइट घरी आला, रीडर लागला, साधी कार्डं झकास वाचली गेली. लॅमिनेट केलेली अठरा जाडीमुळे रीडरच्या फटीत शिरेनात. आजही ती फाइलमध्ये चकाकत बसलेली आहेत.

तेव्हा तुमच्या कार्डांना लॅमिनेशन, रबरबँड, सेलोटेप यांतलं काहीही लावू नका. साधे प्लास्टिकचे खिसे, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवायचं नाही. पुढे कधी जपानला गेलात तर कार्डं निदान सपाट तरी राहतील. मात्र २०१० पासूनच्या या मशीनची जागा २०२४ मध्ये 'सुपर डायव्हर्स'ने घेतली आहे, तेव्हा जुनं मशीन प्रत्येक गेम सेंटरमध्ये वाट बघत असेल असं मुलाला सांगू नका. निघण्याआधी काही विकायची असतील तर तिथल्या जुन्या कार्डांच्या दुकानात दाखवा, पण साध्या सी आणि आर कार्डांना जवळजवळ काही मिळत नाही. आणि मुलाला न विचारता तर अजिबात विकू नका. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

कोणीतरी पोकेमॉनचं विचारलंय. पोकेमॉनच्या मशीनमधून मिळणाऱ्या 'ट्रेट्टा' नावाच्या चकत्यांसाठी २०१३ मध्ये थ्रीडीएसवर (डीएसनंतरच्या यंत्रावर) रीडरसकट 'ट्रेट्टा लॅब' आलं होतं. पण थ्रीडीएसला देशाचं कुलूप असतं, जपानी गेमला जपानी थ्रीडीएसच लागतो. स्विचला तसं कुलूप नाही. उलटा प्रकारही एकदा झालाय. सेगा आणि निन्टेन्डोच्या 'एफ-झीरो एएक्स' या २००३ च्या मशीनला गेमक्यूब या निन्टेन्डोच्या घरच्या यंत्राच्या मेमरी कार्डासाठी (खेळाची नोंद साठवणाऱ्या) खाच होती, म्हणजे घरचं कार्ड मशीनमध्ये घालायचं. म्हणून 'आर्केड आणि घर कधीच जुळत नाही' असंही मी म्हणणार नाही. जिथे कंपनीने रीडर किंवा खाच दिली तिथे जुळलं. तुमच्या गेमला ती दिलेली नाही.

मग 'वर्ल्ड मिशन' घ्यावा का? मुलाला ड्रॅगन बॉल आवडत असेल तर जरूर घ्या, खेळ म्हणून तो भरपूर आहे. फक्त विमानात बसण्याआधी त्याला स्पष्ट सांगा की फाइल वेगळी आणि गेम वेगळा. मी लेकीला आधी कबूल करून बसले होते आणि त्या पहिल्या संध्याकाळी तिने डीएसआय माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, तूच खेळ." स्विच तिथूनच घेणार असाल तर त्याचा चार्जर इथे चालतो, वॉरंटी मात्र इथे धरू नका. इतर कुठलंही जपानी उपकरण इथल्या सॉकेटला लावण्याआधी त्यावरचे बारीक आकडे वाचा. नुसतं शंभर व्होल्ट लिहिलं असेल तर धूर निघेल.

जाता जाता, आमच्या त्या डीएस लाइटचं उजवं बिजागर तडकलंय. पुण्यात ते बदलून देणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.