साहेबांना 'पुस्तक' म्हणण्याआधी

प्रिय मुली,

साहेबांच्या निरोप समारंभासाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. इंग्रजी नेटकं आहे. फक्त ते 'डोन्ट जज अ बुक बाय इट्स कव्हर', म्हणजे कव्हरावरून पुस्तक पारखू नका, हे वाक्य आधी काढून टाक.

तुला म्हणायचंय, माणूस वरून कडक, आतून मायाळू. पण ऐकणाऱ्यांना कळेल ते एवढंच, की साहेबांचं कव्हर काही धड नाही. दिसण्यात कमी आहे हे या वाक्यात आधीच धरून चाललेलं असतं. म्हणून ज्याच्याविषयी बोलायचं, त्याच्या तोंडावर ते कधी बोलू नये. स्वतःविषयी हसत हसत म्हटलं तर खपतं. किंवा मुलाखतीत उमेदवाराचा शर्ट चुरगळलाय म्हणून कुणी नाक मुरडलं, तर उमेदवार खोलीबाहेर गेल्यावर म्हण. तेव्हाही 'डोन्ट'ऐवजी 'यू कॅन्ट जज' बरं. 'डोन्ट'ने समोरच्याला दटावल्यासारखं होतं, आणि वरिष्ठांना दटावणं तुला परवडणारं नाही.

गंमत म्हणजे हा वाक्प्रचार उलट बाजूनेही चालायचा. जॉर्ज एलियटच्या १८६० सालच्या 'द मिल ऑन द फ्लॉस' या कादंबरीत टलिव्हर नावाचा गिरणीवाला लिलावात पुस्तकं घेतो. सगळ्यांची बांधणी एकसारखी, देखणी. तेव्हा आतही सगळी चांगलीच पुस्तकं असणार असं त्याला वाटतं. त्यातलं एक निघतं डॅनिएल डीफोने लिहिलेला सैतानाचा इतिहास, आणि त्याची लहानगी मुलगी ते आवडीने वाचत बसलेली! वरून पारखू नये, असं तो बिचारा म्हणतो ते चांगल्या कव्हराला फसून. जुन्या काळी गिऱ्हाईक आपल्या पैशाने पुस्तक बांधून घेई, त्यामुळे बांधणीवरून मालकाची ऐपत कळायची, मजकूर नव्हे. आता कव्हर प्रकाशकच करतो, तेही आत काय आहे ते ओरडून सांगायला. आजकाल मी तरी कव्हर बघूनच पुस्तक उचलतो.

तर भाषणात म्हण नको, हकीकत घाल. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी तू रजेचा अर्ज लिहीत बसली होतीस आणि साहेब खेकसले, "अर्ज राहू दे, आधी गाडी पकड." ते खेकसणंही तसंच सांग, गोड करू नकोस.

सुधारलेला मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. आणि आभारांत वहिनींचा उल्लेख राहिलाय.

तुझे,
सर