गेम लाइव्ह करताना प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो. नवा प्रोसेसर घ्यावा, की आहे त्यातच भागेल?

भागेल. प्रोसेसरसाठी साठवलेले पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात सांगतो. आय५-९४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ७५ हर्ट्झचा मॉनिटर. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधून यूट्यूबवर व्हॅलोरंट हा गेम लाइव्ह, तेही १०८०पी ६० ला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम. स्ट्रीम सुरू केली की टास्क मॅनेजर १०० टक्के दाखवतो, ओबीएसमध्ये खाली ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ येतं, गेम अडखळतो आणि चॅटमध्ये लोक ‘भाऊ लॅग होतंय’ म्हणून ओरडतात. मित्रांचं म्हणणं, प्रोसेसर जुना झाला, बदलून टाक.

मी स्वतः अधूनमधून स्ट्रीम करतो आणि ओळखीतल्या पोरांचे सेटअप लावून देतो. त्यात ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि बहुतेक वेळा कारणही तेच निघतं: ओबीएसमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा) म्हणून प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ निवडलेला असतो. म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाबून लहान करायचं सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात. तुमच्या ९४००एफमध्ये सहा कोअर आणि थ्रेडही सहाच. त्यातच व्हॅलोरंट हा प्रोसेसरवर जास्त आणि ग्राफिक्स कार्डावर कमी भार टाकणारा गेम. दोघांची मारामारी होणारच. आणि हे चाललेलं असताना तुमच्या १६५० मधला व्हिडिओ एन्कोड करण्यासाठीच बनवलेला भाग रिकामा बसलेला असतो.

पण काही बदलण्याआधी एक गोष्ट बघा. ओबीएसच्या ‘डॉक्स’ मेनूत ‘स्टॅट्स’ आहे, ते उघडा आणि दहा मिनिटं गेम खेळा. तिथे तीन वेगवेगळे आकडे दिसतात आणि लोक तिन्हींना सरसकट ‘लॅग’ म्हणतात. ‘एन्कोडिंग लॅग’मुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील तर एन्कोडरला काम झेपत नाहीये, एक्स२६४ असेल तर अर्थातच प्रोसेसरला. ‘रेंडरिंग लॅग’ वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड भरलंय, गेम ओबीएसला त्याच्यावर जागाच देत नाहीये. आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स, नेटवर्क’ वाढत असतील तर कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, तुमच्या इंटरनेटचा अपलोड कमी पडतोय. ओव्हरलोडचा इशारा येतोय म्हणजे तुमचा पहिला आकडा पळत असणार, तरी खात्री करून घ्या. तिसरा आकडा पळत असताना नवा प्रोसेसर घेऊन आलेला माणूस मी पाहिलाय.

आता मुख्य काम. सेटिंग्जमध्ये ‘आउटपुट’, वर मोड ‘अॅडव्हान्स्ड’ करा आणि ‘व्हिडिओ एन्कोडर’च्या यादीतून ‘एनव्हीडिया एनव्हेंक एच.२६४’ निवडा. एनव्हेंक म्हणजे कार्डातला तोच रिकामा बसलेला भाग. रेट कंट्रोल सीबीआर (म्हणजे बिटरेट कायम सारखा), कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद. प्रीसेट पी४ किंवा पी५ ठेवा. पी७ला हात लावू नका, तेवढा फरक मोबाइलवर बघणाऱ्याला दिसत नाही. ‘लुक-अहेड’ बंद. ‘सायकोव्हिज्युअल ट्यूनिंग’ सध्या राहू द्या. पुढे रेंडरिंग लॅग दिसला तर तेही काढा, कारण या दोन गोष्टी एन्कोडरच्या त्या वेगळ्या भागाबाहेर, कार्डाच्या मुख्य कोअरवर चालतात.

‘हार्डवेअर एन्कोडरची क्वालिटी घाण असते’ असं कोणीतरी सांगेलच. एके काळी ते खरं होतं. १६५० ही एनव्हीडियाच्या ट्युरिंग पिढीची, पण तिच्या बहुतेक कार्डांत ट्युरिंगच्या आधीच्या पिढीचा एन्कोडर आहे हेही खरं. १६५० सुपरमध्ये नवा आहे. तरी पुरेसा बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) दिला तर एक्स२६४च्या ‘व्हेरीफास्ट’ प्रीसेटशी तुलना करून बघा, प्रेक्षकांतल्या एकालाही ओळखता येणार नाही. अडखळणाऱ्या सुंदर चित्रापेक्षा सलग चालणारं बरं चित्र लोक जास्त वेळ बघतात.

इथे इतरांसाठी एक इशारा, कारण सेकंडहँड बाजारात यात भरपूर लोक फसतात. प्रत्येक कार्डात एन्कोडर असतोच असं नाही. जीटी १०३० मध्ये एनव्हेंक नाही. लॅपटॉपमधल्या एमएक्स१५० मध्येही नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांतूनही एन्कोडर काढून टाकलेला आहे. गेम उत्तम चालतात, स्ट्रीम लावली की रडारड. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये क्विकसिंक नावाचा एन्कोडर असतो, आणि एमएक्सवाल्या लॅपटॉपवर तेच कामाला येतं. पण क्विकसिंक राहतं प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये, आणि नावापुढे ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरात ते ग्राफिक्स बंद केलेलं असतं. त्यामुळे तुमच्या ९४००एफला तो मार्ग नाही, तुमची सगळी भिस्त १६५० वर. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी एक्स२६४ला ‘सुपरफास्ट’ किंवा ‘अल्ट्राफास्ट’ प्रीसेट देऊन ७२०पी ३० वर समाधान मानावं.

एनव्हेंक लावलंत, स्ट्रीम सुरू केलीत, टास्क मॅनेजर उघडलात, तर तिथे कदाचित पुन्हा ९०-९५ टक्के दिसेल. घाबरून जाऊ नका. इथेच बरेच जण ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सगळं जुन्यावर आणतात. होतं असं की एन्कोडिंगचं ओझं उतरल्यावर प्रोसेसर मोकळा झाला, आणि ती मोकळी जागा गेमने लगेच घेतली. आधी १४० फ्रेम देत होता, आता २२० देतो. फ्रेमला मर्यादा घातलेली नसेल तर गेम मिळेल तेवढा प्रोसेसर खातो, कारण प्रत्येक फ्रेमची आखणी आधी प्रोसेसरच करतो आणि मग कार्डाकडे पाठवतो. म्हणून टक्क्यांच्या मागे लागू नका. स्टॅट्समधला एन्कोडिंग लॅग शून्याला चिकटला का, ते बघा. ओबीएसच्या खालच्या पट्टीत दिसणारा सीपीयूचा आकडा फक्त ओबीएसचा स्वतःचा असतो. एनव्हेंकनंतर तो एकदम खाली येईल, त्यावरून फरक लक्षात येईल.

टक्केही खाली आणायचे असतील, आणि थोडे आणावेतच, तर गेमला लगाम घाला. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘लिमिट एफपीएस ऑलवेज’ चालू करून १५० द्या. मेनूसाठी आणि गेम मागे गेल्यावरची मर्यादा वेगळी असते, तिथे ६० आणि ३० टाका. लॉबीत मित्रांची वाट बघताना मशीनने २०० फ्रेम काढायचं काही कारण नाही. स्पर्धात्मक खेळणारे १५० ऐकून नाक मुरडतील. मोकळ्या फ्रेमरेटला इनपुट किंचित लवकर पोचतं हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर, स्ट्रीम चालू असताना, स्थिर १५० हे ११० ते २४० मध्ये उड्या मारणाऱ्यापेक्षा हाताला चांगलं लागतं. मॅच गंभीर असेल तर स्ट्रीम बंद करून मर्यादा काढा, कोणी अडवत नाही.

मग रिझोल्यूशन. १०८०पी ६० म्हणजे सेकंदाला सुमारे १२.४४ कोटी पिक्सेल. ७२०पी ६० म्हणजे ५.५३ कोटी. निम्म्याहूनही कमी. नव्या चॅनेलला ७२०पी ६० आणि ६००० केबीपीएस हे मला सगळ्यात फायद्याचं वाटतं. व्हॅलोरंटमधल्या ब्रिमस्टोन या पात्राचे धूर सुटले की तोच बिटरेट १०८०पीला अपुरा पडून चित्राचे चौकोन होतात, ७२०पीला तग धरतो. यासाठी गेमचं रिझोल्यूशन बदलू नका. ओबीएसच्या ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये बेस १९२०x१०८० राहू द्या आणि आउटपुट १२८०x७२० करा. हे काम कार्ड करतं. ‘आउटपुट’ टॅबमध्ये ‘रीस्केल आउटपुट’ नावाचा अजून एक पर्याय दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. ओबीएसच्या जुन्या आवृत्त्यांत ते लहान करणं प्रोसेसरवर पडायचं. कलर फॉरमॅट एनव्ही१२ असेल तो तसाच ठेवा.

आता राहिला तुमचा सीन, म्हणजे ओबीएसमध्ये गेमवर मांडलेल्या कॅमेरा, चॅट वगैरे गोष्टी (सोर्स). याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि मला दुसरा संशय तिथेच आहे. साधारण नव्या स्ट्रीमरच्या सीनमध्ये काय असतं? अलर्टसाठी एक ब्राउझर सोर्स (स्ट्रीमवर दाखवलेलं वेब पान), चॅटसाठी दुसरा, सबस्क्रायबर गोलसाठी तिसरा, आणि चौथा मागच्या महिन्यात काढून टाकला असं वाटतं पण नुसता डोळा बंद करून ठेवलेला. हे सगळे सोर्स आतून क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचा गाभाच आहेत, म्हणजे ओबीएसच्या पोटात दोन-चार वेब पानं सतत उघडी. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘शटडाउन सोर्स व्हेन नॉट व्हिजिबल’वर टिक करा, नको ते डिलीट करा. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ब्राउझर सोर्सचं हार्डवेअर अॅक्सेलरेशन चालू आहे ना बघा.

कॅमेऱ्याभोवती चमकणारी हलती चौकट लावली असेल तर ती बहुधा पारदर्शक वेबएम व्हिडिओ फाइल असते. ती प्रोसेसरवर उलगडते, स्ट्रीम संपेपर्यंत, अखंड. तिच्या जागी साधं पीएनजी चित्र टाका. वेबकॅम १०८०पीला चालू असेल आणि दिसतो कोपऱ्यात बोटभर, तर त्याचं रिझोल्यूशन कस्टम करून ६४०x४८०, ३० फ्रेम करा. माइकवर आवाजातली घरघर काढणारा ‘आरएननॉइज’ फिल्टर असेल आणि पंख्याचा आवाज फार नसेल तर ‘स्पीक्स’वर या, तो हलका आहे. गेम ‘डिस्प्ले कॅप्चर’ने घेत असाल तर ‘गेम कॅप्चर’ वापरा. स्टुडिओ मोड बंद, आणि स्ट्रीम सुरू झाल्यावर प्रिव्ह्यूवर राइट क्लिक करून तोही बंद.

अजून एक चोर सांगतो, तो कोणालाच दिसत नाही. क्रोममध्ये यूट्यूबची लाइव्ह कंट्रोल रूम उघडी ठेवता ना, चॅट वाचायला? तिथे तुमचीच स्ट्रीम तुम्हालाच वाजत असते. म्हणजे गेम चालवा, एन्कोड करा, यूट्यूबला पाठवा, आणि तीच परत डाउनलोड करून उलगडा! तो प्रिव्ह्यू पॉज करा, किंवा चॅट वेगळ्या खिडकीत काढून बाकीचं पान बंद करा. मी तर चॅट फोनवर वाचतो. फोन मॉनिटरच्या पायाला टेकवला की झालं, पीसीवर शून्य भार.

‘प्रोसेसर १०० वरून २० वर आणा’ छापाचे व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत किंवा विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ढवळाढवळ करू नका. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये जाऊन कोअरची संख्या भरायला सांगतात, त्यानेही काही वाढत नाही. तो पर्याय कोअर कमी करून तपासणी करण्यासाठी आहे. गेम बूस्टर नावाची सॉफ्टवेअर उलट स्वतःच मागे बसून खातात. ओबीएसची प्रोसेस प्रायॉरिटी ‘अबव्ह नॉर्मल’ चालेल. टास्क मॅनेजरमधून ‘रिअलटाइम’ कधीच देऊ नका, माऊस-कीबोर्डसुद्धा अडकू शकतात. ओबीएस मात्र ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, त्याचा खरा उपयोग आहे: विंडोजवर त्याला ग्राफिक्स कार्डात अग्रक्रम मिळतो आणि रेंडरिंग लॅग कमी होतो.

तुम्ही जळगावचे म्हणता, म्हणून तापमानाचंही बघून घ्या. एप्रिल-मे महिन्यात तुमच्याकडे खोलीच तापलेली, वर डब्यातून मिळालेला कूलर आणि त्यात वर्षांची धूळ. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग आपोआप कमी करतो आणि मग त्याच कामाला जास्त टक्के दिसतात. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून गेममध्ये आकडा बघा. नव्वद अंश सेल्सिअसच्या पुढे जात असेल तर धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला.

एवढं करूनही खर्च करायची इच्छा उरली तर आधी रॅम. ८ जीबीत गेम, ओबीएस आणि क्रोम एकत्र बसत नाहीत; विंडोज डिस्कवर माल हलवायला लागतं आणि तो अडखळा तुम्हाला प्रोसेसरचा वाटतो. वर तुमची एकच स्टिक, म्हणजे सिंगल चॅनेल, डेटाला एकच वाट. त्याच वेगाची अजून एक ८ जीबी घ्या, दोन्ही ड्युअल चॅनेलच्या स्लॉटमध्ये बसवा; कोणते ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. प्रोसेसर बदलायचा तर तुमच्या सॉकेटमध्ये नव्या पिढीचं काही बसत नाही, मदरबोर्डही घ्यावा लागतो, त्यामुळे तो खर्च शेवटी.

आधी एनव्हेंक आणि एफपीएसची मर्यादा, एवढंच करून एक स्ट्रीम घ्या. तरीही एन्कोडिंग लॅग दिसला तर ओबीएसच्या ‘हेल्प’ मेनूतून लॉग फाइल अपलोड करून लिंक खाली टाका. सोबत ब्राउझर सोर्स किती आहेत तेही लिहा.