पहिला तान्सू घेताना

किमोनो ठेवायला पहिलाच तान्सू, म्हणजे खणांचं जपानी लाकडी कपाट, घेताय, तर किरी लाकडाचा आणि दोन भागांचा बघा. किरी हलकं असतं, शिवाय भाग सुटे होत असल्याने अरुंद जिन्यानेही तो वर नेता येतो. जपानमधल्या सेंदाई शहराचे केयाकी लाकडाचे, उरुशी लाखेचे, लोखंडी नक्षीपत्र्यांचे तान्सू फार देखणे, पण जड. ते नंतर.

दुकानात एक खण हळूच बंद करा. दुसरा थोडा बाहेर सरकला तर तो दोष समजू नका. सुतारकाम इतकं घट्ट आहे की आतली हवा शेजारच्या खणाला ढकलते. इतक्या वर्षांनीही मला हे बघताना आनंद होतो! जूनच्या दमट पावसाळ्यात खण अडकला तर रंधा मारू नका. लाकूड फुगलंय, हवा कोरडी झाली की सुटेल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ओल्या फडक्याने पुसणं, तेल चोळणं. किरीवर डाग पडतात. कोरडं मऊ फडकं पुरे.
- कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र ठेवणं. दोन्ही मिळून वितळतात आणि रेशीम खराब होतं. एकच काहीतरी ठेवा.
- भिंतीला चिकटवणं. मागे चार बोटं जागा सोडा.

किमोनो तातोशी कागदात (किमोनो गुंडाळायचा जपानी कागद) ठेवा, कोरड्या दिवशी सावलीत वारं द्या. जुना तान्सू काळवंडलेला दिसला तरी नाकारू नका. कारागीर वरचा थर रंधून किरी पुन्हा उजळवतात. आधी घरातल्या जागेचं माप घ्या.