शिबिरात एआयने बाबांच्या एक्स-रेत 'टीबीची शक्यता' दाखवली. खरं मानायचं का?

तुम्ही लिहिलंय, देवगडजवळच्या गावात शिबिर झालं, हातातल्या छोट्या मशीनने बाबांच्या छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी बघायच्या आतच एआयने 'टीबीची शक्यता' सांगितली. बाबांना मुंबईत गिरणीत असताना टीबी झाला होता, औषध पूर्ण घेतलं होतं, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी सिंधुदुर्गात एक्स-रे टेक्निशियन आहे. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसाच्या वरच्या भागात बऱ्याचदा व्रण राहतो आणि फोटोत तो पांढरा उमटतो. सॉफ्टवेअर हजारो-लाखो जुने फोटो बघून शिकलेलं असतं. समोरचा फोटो टीबीच्या फोटोंशी किती जुळतो, याचा एक आकडा ते देतं आणि शंकेची जागा फोटोवर लाल करून दाखवतं. गिरणी, जुनं औषध, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

ते कुचकामी आहे असं मात्र समजू नका. 15 वर्षांवरच्या माणसांच्या टीबी तपासणीत फोटो वाचायला माणसाऐवजी हे सॉफ्टवेअर चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 सालीच सांगितलंय. आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट मिळणं किती कठीण, ते तुम्हाला माहीत आहेच. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. अशा चाळणीकडून संघटनेची किमान अपेक्षा अशी की 100 रुग्णांतले 90 तरी सापडावेत आणि टीबी नसलेल्या 100 जणांतले 70 तरी मोकळे सुटावेत. म्हणजे टीबी नसलेल्या 30 जणांवर शंका आली तरी ते धरून चाललेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात एक काकू आल्या, भिजलेली वेणी खांद्यावरून पुढे आलेली. घाईत माझंही लक्ष गेलं नाही. मशीनने उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला लाल डाग दाखवला. काकू रडायलाच लागल्या. केस वर बांधायला लावून पुन्हा फोटो काढला, डाग नाही. तेव्हापासून वेणी, ताईत, मंगळसूत्र बघितल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

आता बाबांचा बेडका सरकारी दवाखान्यात द्या, तपासणी फुकट होते. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट करा म्हणून सांगा; या दोन्ही तपासण्या बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए आहे का, ते शोधतात. ट्रूनॅटचं मशीन तर आपल्या शेजारच्या गोव्यातच बनतं. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून छातीतून आलेला बेडका हवा, नुसती थुंकी नको. गिरणीच्या काळातला फोटो किंवा कागद पेटीत असेल तर शोधून सोबत न्या; दोन्ही फोटो शेजारी धरले की डाग जुना की नवा, हे डॉक्टरांना बरंच कळतं.

आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा बाबांचं वजन उतरतंय असं वाटलं, तर घरी थांबू नका, पुन्हा दाखवा.