फिरायला गेलं की भांडण का पेटतं?

"घरी कसंबसं निभतं, पण सहलीला गेलो की तिसऱ्या दिवशी अबोला. आमचं लग्न मोडायला आलंय का?" मे महिन्याच्या सुट्टीनंतर समुपदेशनात माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. ओळख बदलून एक उदाहरण देते.

कोल्हापूरकडचं जोडपं, दोन मुलं, गोव्यात कांदोळीला चार रात्रींची खोली, पैसे आधीच भरलेले. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मुलांनी इसवण (सुरमई) मागवली. मेनूकार्डावर भाव नव्हता, नुसतं 'आकारानुसार'. नवऱ्याने स्वतःपुरता डाळभात सांगितला, "मला भूक नाही." बिल आल्यावर त्याने ते पालथं घातलं. बायकोला वाटलं, याला आमच्याबरोबर यायचंच नव्हतं. रात्री खोलीत कडाक्याचं भांडण झालं, आणि मुलं पांघरुणात जागीच.

तिला ठाऊक नव्हतं की नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर १,४०,००० रुपये थकले आहेत. दरमहा ३.५ टक्के व्याज म्हणजे ४,९००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८८२. तो 'किमान रक्कम' म्हणून ७,००० भरायचा. मुद्दलातून फिटायचे जेमतेम १,२१८. हा आकडा एकट्याच्याच डोक्यात होता. कारण न सांगता हात आखडला की समोरच्याला तो रुसवाच वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. माझा मुख्य सल्ला हा होता: आकडा आजच सांगा, पण रात्री खोलीत नको. सकाळी चहानंतर, मुलं नजरेसमोर पण कानाआड असताना, दहा मिनिटं. किती, कधीपासून, आणि घरी गेल्यावर कोणत्या दिवशी कागद काढून बसायचं, एवढंच बोला. पहिला प्रयत्न फसला, कारण सुरुवातच "तुझ्या हौसेपायी" अशी झाली. संध्याकाळी पुन्हा बसले, तेव्हा जमलं.

उरलेल्या दोन दिवसांसाठी त्यांनी ५,००० रुपये रोख पाकिटात घातले. पाकीट तिच्याकडे, कार्ड बॅगेत. मुलांना विचारलं, पॅरासेलिंग की बाहेरचं जेवण? मासळीचा भाव आधी विचारायचा, मगच तळायला सांगायची. बेतीहून पणजीला फेरीबोटीने गेले (पायी जाणाऱ्याला तिकीट नाही) आणि तिथल्या फोंतेनास या जुन्या वस्तीच्या गल्ल्या हिंडले. समोर मांडवीत कॅसिनोच्या बोटी दिसतात. कर्जात बुडालेल्याला तिथे 'एकदाच' नशीब आजमावावंसं वाटतं, म्हणून मी आधीच बजावलं होतं.

घरी आल्यावर कार्डाने खरेदी बंद. मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत वळवली, प्रक्रिया शुल्क आधी विचारून.

पैसे हिसकावणं, धमक्या, मारहाण असेल तर मात्र हा मार्ग नाही. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन.

या दोघांचं लग्न टिकून आहे. कार्डाचं स्टेटमेंट आता तिच्याही ईमेलवर येतं. तरी ती अधूनमधून विचारते, "अजून काही लपवलंयत का?" तो चिडतो. सध्या त्याच्या चिडण्यावर काम चालू आहे.