मुंबईत एक दिवस मोकळा आहे. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव खरंच बघण्यासारखा आहे, की फोटोतच छान दिसतो? किती वेळ काढावा?

बघण्यासारखा आहे. पण वरूनच एक नजर टाकून सेल्फी काढून परत फिरणार असाल तर जाऊच नका, त्यापेक्षा कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट बरा. बाणगंगेला पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसावं लागतं. 'फोटोतच छान' हे शब्द मी आधीही ऐकलेत, आमच्याच घरात, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

माझं माहेर गिरगावचं. बाबा गेल्यापासून सर्वपित्रीला दादा पिंडदान बाणगंगेवरच करतो आणि जमेल तेव्हा मीही जाते. एका वर्षी आमचे भावजी, म्हणजे धाकटे दीर, बरोबर आले. गाडी त्यांची होती. इंजिनियर माणूस, पुण्यात राहतात, त्यामुळे मत तयारच असतं. गुरुजी दादाकडून संकल्प सोडवून घेत होते आणि हे मागे उभे राहून मला ऐकवतायत, "वहिनी, समुद्र त्या घरांच्या मागे आहे. इथे गोडं पाणी असूच शकत नाही. एकतर हे खारं आहे, नाहीतर महापालिकेने आतून नळ सोडलाय." गुरुजींनी मान वर करून बघितलं. मी भावजींना बाणाची गोष्ट सांगितली. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला इथे तहान लागली, बाण मारला, पाताळातून गंगा वर आली. (बाण रामाचा की लक्ष्मणाचा हे सांगणाऱ्यागणिक बदलतं.) भावजी हसले. बाबांच्या श्राद्धाला हसले, ते मला लागलं.

तेवढ्यात खालच्या पायरीवर एक पोरगा अंगाला साबण लावत होता आणि पाण्यावर पांढराशुभ्र फेस पसरत होता. खाऱ्या पाण्यात साबणाला असा फेस येतो का, असं मी विचारलं. तर म्हणाले, "साबण चांगला असेल."

तेव्हा सुचलं नाही ते आता लिहिते. मलबार हिलच्या काळ्या खडकाला भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून टेकडीत मुरतं आणि उताराने खाली सरकत राहतं. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं, शिवाय त्याची पातळी समुद्रापेक्षा वर. मागून त्याचा रेटा चालू असतो तोवर समुद्राला आत शिरता येत नाही, आणि पायथ्याशी झरा फुटतो. यात चमत्कार नाही आणि नळही नाही. कोकणात किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून गोड्या विहिरी असतात, त्या कशा असतात, हे इंजिनियरला ठाऊक असायला हवं होतं. शिलाहार राजांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी हा तलाव ११२७ मध्ये बांधला असं मानतात. त्या काळी कुठली महापालिका? पुढे पोर्तुगीजांनी इथलं देऊळ पाडलं. वाळकेश्वराचं देऊळ रामा कामती या व्यापाऱ्याने १७१५ च्या सुमारास पुन्हा उभं केलं. मुंबईत तेव्हा इंग्रज होते. एवढ्या उलथापालथीत झरा तेवढा चालू राहिला.

बाकी भावजींचं एक म्हणणं मला मान्य आहे: पाणी स्वच्छ नसतं. पितृपक्षानंतर इथे मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. एवढं अन्न पाण्यात कुजलं की प्राणवायू संपतो, मग मासे जगणार कसे? म्हणून दादाला मी सांगते, पिंड एक सोड, पातेलं उपडं करू नकोस. बाबांना तसंही थोडंच लागायचं. पण भाविकांना नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की २०२४ मध्ये गाळ काढायचं यंत्र थेट पायऱ्यांवरून खाली उतरवलं गेलं आणि जुने दगड फुटले. ते काही श्राद्धाला आलेल्या माणसांनी केलं नाही.

तुमचा प्रश्न राहिलाच. चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरा, टॅक्सीवाल्याला वाळकेश्वर, बाणगंगा सांगा. तिकीट वगैरे काही नाही. दीड तास पुरे. सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतात. दीपस्तंभ, बदकं, भोवतीची देवळं हे दिसेलच, ते मी सांगायला नको. मग मागच्या बाजूने समुद्रापर्यंत चालत जा म्हणजे अंतर किती थोडं आहे ते पायांना कळेल.

हो, आणि पाणी गोडं आहे म्हणून प्यायचं नाही, तोंडातही घ्यायचं नाही. खालच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर त्यांना वरच बसवा. पितृपक्षात काम नसेल तर जाऊ नका, आणि गेलातच तर विधी करणाऱ्यांचे फोटो काढू नका. जमलं तर मे महिन्यात जा. चार महिन्यांत पावसाचा थेंब नसतो तरी तलावात पाणी असतं, आणि भावजींना नेमकं त्याच महिन्यात मुंबईला यायला कधी जमत नाही.