आठ फुटी फळीवर कोणती गाडी?

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. घरातल्या मोकळ्या खोलीत भिंतीलगत आठ फूट लांब, दीड फूट रुंद फळी बसेल. तिच्यावर १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश रेल्वेच्या एखाद्या छोट्या शाखेचं मॉडेल करायचं आहे. मॉडेल गाड्यांच्या मापांपैकी ओओ घ्यावं, एन घ्यावं की नवं टीटी १२०? एक परिचित म्हणतात, ओओचं मापच मुळात चुकीचं आहे.
— एक वाचक

उत्तर : तुमचे परिचित म्हणतात ते खरं आहे. तरीही ओओच घ्या.

ओओमध्ये एका फुटाला ४ मिमी धरतात. खऱ्या रुळांमधलं ४ फूट साडेआठ इंचांचं अंतर त्या हिशेबानं १८.८३ मिमी व्हायला हवं. प्रत्यक्षात रूळ मिळतात १६.५ मिमीचे, म्हणजे फुटाला साडेतीन मिमी धरणाऱ्या एचओ या मापाचे. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगानं बारीक. एचओच्या मापात त्यांच्या पोटात इंजिन चालवणारी तेव्हाची विद्युत मोटर मावेना, म्हणून वरचं अंग वाढवलं आणि रूळ होते तेच ठेवले. १९३८ साली हॉर्नबी डब्लो ही खेळण्यातल्या गाड्यांची मालिका याच मापात आली आणि ब्रिटनमध्ये ते पक्कं रुजलं.

ओओचं इंजिन डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून बघा. धक्का झेलणारे पुढचे बफर ऐसपैस, आणि खाली चाकं आत ओढून घेतलेली. हेच इंजिन बाजूनं बघितलं तर काही खटकत नाही, आणि भिंतीवरची फळी आपण बाजूनंच बघतो! रुळांखालच्या आडव्या स्लीपरांचं अंतर खुपत असेल तर पेको कंपनीचे बुलहेड (जुन्या ब्रिटिश घडणीचे) रूळ घ्या. रुंदी तीच, पण स्लीपर ४ मिमीच्या हिशेबात. ४ मिमीच्याच हिशेबातलं पण रुंद रुळांचं, १८.२ मिमीचं ईएम किंवा १८.८३चं पी४ हवं असेल, तर चाकं बदलण्याची आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) जोडण्याची हौस हवी. ती नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एन ओओच्या जवळजवळ निम्मं; त्याची खरी कमाई वळणांत आहे. गाडी गोल फिरवायची असेल तर ओओला जवळजवळ मीटरभर रुंदी लागते, एनला त्याहून बरीच कमी. तुमच्या दीड फुटात नेहमीच्या वळणांचा गोल बसणार नाही, मग ती कमाई कुठे वापरणार? मार्क १ हा तेव्हाचा ब्रिटिश प्रवासी डबा ओओत सुमारे २६ सेंमी, एनमध्ये १३. आठ डब्यांची एक्सप्रेस एनमध्येही मीटरभर होते. शिवाय ब्रिटिश एनही सोवळं नाही : ९ मिमीच्या रुळांवर बहुतेक देश १:१६० वापरतात, ब्रिटन १:१४८.

टीटी १२० मात्र मला मनापासून आवडतं. १२ मिमीचे रूळ आणि १:१२०, हिशेब जवळजवळ चोख. पण ब्रिटिश गाड्यांसाठी ते २०२२ मध्येच बाजारात आलं. नवा माल काय किंवा जुना काय, ओओइतकी निवड तिथे अजून नाही.

तुमच्या फळीवर ॲलन राइट यांचा इंगलनुक हा डबे जुळवण्याच्या कोड्याचा आराखडा मांडा : तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), त्यांत अनुक्रमे पाच, तीन आणि तीन मालवाघिणी मावतील अशी. आठ वाघिणींपैकी पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्याच क्रमानं गाडी जुळवायची. ओओतली छोटी वाघीण साधारण ८ सेंमीची, त्यामुळे हे सगळं पाच फुटांत बसतं. उरलेल्या जागेत एका डब्यापुरता फलाट करा. सांधे विकत घेण्याआधी पेकोचे कागदी साचे छापून फळीवर मांडून बघा.